शे-कहँड

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक, तपासायच्या वह्या. दुसरी, किस्से! वह्या निदान मे महिन्यात रद्दीत जातात. किस्से मात्र साठत राहतात आणि कुणी चहाचा कप पुढे केला की आपोआप बाहेर पडतात. मैत्रिणी म्हणतात, "तू सांगतेस तेव्हा काय हसू येतं गं!" येतं ना, मलाही यायचं. हल्ली मात्र सांगता सांगता माझंच डोकं तापतं आणि चहा गार होऊन जातो.

शाळा नाशिकमधली, मी तिथे मराठी शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या शाळांना वाटेल, चला, आपण सुटलो!

*

आमचे पीटीचे बोरस्ते सर मनाने वाईट नाहीत. फक्त मुलांमध्ये काहीही झालं तरी त्यांच्याकडे एकच शब्द असतो. मस्ती! कुणी कुणाचा डबा कचऱ्यात ओतला, मस्ती. कुणाची पँट भर ग्राउंडवर ओढली, मस्ती.

एकदा सहावीतला एक चष्मेवाला मुलगा रडत त्यांच्याकडे आला. "सर, ते माझा चष्मा फेकाफेकी खेळतायत."

सर म्हणाले, "मस्ती चाललीये रे! तू पण कॅच घे ना!"

पोराला चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नव्हता, कॅच काय घेणार कपाळ!

पुढच्याच आठवड्यात कुणीतरी सरांच्या मोटरसायकलच्या सीटवर च्युइंगगम लावून ठेवलं. सर नव्याकोऱ्या पांढऱ्या ट्रॅकपँटमध्ये त्यावर बसले आणि उठता उठेनात. तसेच तरातरा स्टाफरूममध्ये आले. चेहरा लालबुंद! "ही काय पद्धत झाली? ही गुंडगिरी आहे गुंडगिरी! एकेकाला पोलिसांत द्यायला पाहिजे!"

मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "सर, मस्ती चाललीये."

सर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. च्युइंगगम लावणारा मात्र दुसऱ्या दिवशी सापडला, त्याचे आईवडील आले, सगळं रीतसर झालं. म्हणजे मनात आणलं तर शोधता येतं सगळं! चष्मा फेकणारे कोण होते, ते आजही कुणी विचारलेलं नाही.

*

वरून काहीतरी परिपत्रक आलं आणि आमच्याकडे 'अँटी-बुलिंग वीक' साजरा करायचं ठरलं. हो, साजरा! आमच्याकडे सगळं साजरंच होतं. गेटवर बॅनर लागला, फुगे लागले, आणि व्याख्यानाला एक मोटिव्हेशनल स्पीकर आले. कोट, कानाला लावलेला माइक, आणि मागे लावायचं संगीतही ते स्वतःच घेऊन आले होते.

हॉल भरला. वक्त्यांनी मुलांवरून नजर फिरवली आणि तिसऱ्या रांगेतल्या एका गुबगुबीत मुलाकडे बोट केलं. "ए ढोल्या! हो, तूच! ये वर स्टेजवर. अरे हळू, स्टेज मोडशील!"

हॉल नुसता फुटला. मागच्या रांगेतले शिक्षकही हसले. तो मुलगा वर जाऊन उभा राहिला, शर्ट खाली ओढत.

वक्ते मुलांकडे वळले. "बघितलं? आता मी याला जे म्हटलं ना, त्याला म्हणतात बुलिंग. हे कधीही करायचं नाही!"

टाळ्या! मुलाला बक्षीस म्हणून एक कीचेन. आणि त्या आठवड्यापर्यंत ज्याला सगळे नावाने हाक मारायचे, त्याला आता अख्खी शाळा ढोल्या म्हणते. मला राग आला तो त्या वक्त्यांचा नाही, ते बिचारे बोलून निघून गेले. राग आला तो आभार मानणाऱ्या आमच्या मोठ्या मॅडमचा. त्या म्हणाल्या, "किती सोपं करून सांगितलं!"

*

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. माहेर कोथरूडचं, बोलणं तुपासारखं. त्यांचं आवडतं वाक्य, "आपल्या शाळेत तसं काही नसतं." त्यांनी तक्रारपेटी लावली ती बरोब्बर स्वतःच्या केबिनच्या दाराशी, वर कॅमेरा, आणि इतकी उंच की पाचवीतलं पोर उडी मारूनही पोचणार नाही. वर्षाअखेर पेटी उघडली तर आत चॉकलेटचे कागद! मॅडमनी अहवालात लिहिलं, 'एकही तक्रार नाही.'

त्या अँटी-बुलिंग वीकमध्येच त्यांनी एक पदही निर्माण केलं. अँटी-बुलिंग कॅप्टन. आठवीतली स्वरा, वर्गात पहिली, आवाज गोड, हस्ताक्षर मोत्यासारखं. तिच्या छातीवर चांगला पेल्याच्या बुडाएवढा बिल्ला लावला. दुसऱ्या दिवशी बघते तर पाचवीतल्या दोन पोरी तिची बॅग आणि पाण्याची बाटली घेऊन मागे मागे चालल्यायत.

मी विचारलं, "तुम्ही का उचललंय गं हे?"

"मॅडम, दीदी म्हणाली, नाही उचललं तर मोठ्या मॅडमना नाव सांगेन. ती कॅप्टन आहे ना!"

मी मोठ्या मॅडमच्या कानावर घातलं. त्या कौतुकाने हसल्या. "लीडरशिप आहे हो तिच्यात!"

*

त्या वर्षी आठवीत, स्वराच्याच वर्गात, एक नवी मुलगी आली. तनुजा देवरे. सटाण्याकडच्या खेड्यातून. वडिलांना अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून बिऱ्हाड सिडकोत आलेलं. मुलगी चुणचुणीत. बोलकी तर इतकी की पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मला थांबवून विचारलं, "मॅडम, तुम्हना गाव कोनता?"

वर्गशिक्षिका गायधनी मॅडम. त्यांनी त्याच दिवशी विचारलं, "तनुजा, विज्ञानाची वही कुठे आहे?"

"घर शे, मॅडम."

झालं! वर्ग खो खो हसायला लागला. वही घरी आहे, एवढंच ते; अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. पण गायधनी मॅडमनाही हसू आवरलं नाही. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस? परत सांग बरं!"

पोरगी भोळी. तिला वाटलं, ऐकू आलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "घर शे!"

हा किस्सा गायधनी मॅडमनी स्टाफरूममध्ये साभिनय सांगितला आणि सगळ्यांना ठसका लागेपर्यंत हसवलं. संध्याकाळपर्यंत तनुजाचं नाव 'शे' पडलं होतं. ती बोलायला उभी राहिली की मागून सुरू व्हायचं, "शे! शे! शे!" शेळ्या हाकल्यासारखं. आठवडाभरात बोरस्ते सरसुद्धा ग्राउंडवरून हाक मारायला लागले, "ए शे, बॉल आण गं!"

मी म्हटलं, "सर, तिला नाव आहे."

"अहो मॅडम, लाडाने म्हणतो!"

लाड! ज्याचे लाड होतायत त्याला कुणी विचारलं का कधी, बाबा रे, तुला गोड लागतंय का?

*

एक दिवस तनुजा मुलींच्या बाथरूमपाशी रडताना सापडली. म्हणाली, "मॅडम, मी तोंड उघाडं का त्या हासतीस." त्या म्हणजे स्वरा आणि तिच्या मैत्रिणी. मी तिचा हात धरून सरळ मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये नेलं. त्यांनी स्वराला बोलावून घेतलं, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "टाळी एका हाताने वाजत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, थोबाडीत वाजते ना एका हाताने!"

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आमच्याकडे अशा वेळची एक ठरलेली पद्धत आहे. दोघांनी एकमेकांना सॉरी म्हणायचं, शेकहँड करायचा, की प्रकरण मिटलं. मार खाणाऱ्यानेही सॉरी म्हणायचं आणि मारणाऱ्यानेही! स्वराने लगेच हात पुढे केला, "सॉरी, तनुजा." बिल्ला चकचकत होता.

तनुजा माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी कशाबद्दल सॉरी म्हनू?"

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मनाचा मोठेपणा दाखव, बाळा." मग हात हातात, फोटो, "जरा हसा गं दोघी!", आणि पाच मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर पोस्ट: 'मैत्रीचा हात! आमच्या शाळेचे संस्कार.' खाली अंगठे आणि फुलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा वर्गात शिरली तर दारापासून तिच्या बाकापर्यंत पोरं रांगेत उभी. प्रत्येकाने हात पुढे केलेला. आणि प्रत्येक जण तोडून तोडून म्हणत होता, "शे... कहँड! शे... कहँड!"

ही कल्पना कॅप्टनची होती. स्टाफरूममध्ये कळलं तेव्हा गायधनी मॅडम म्हणाल्या, "काही म्हणा, कोटी करायला डोकं लागतं! तुमच्या मराठीच्या तासाचा परिणाम हो!"

मी डबा बंद केला आणि उठून गेले.

*

तनुजाचे वडील पालकसभेला आले, पहिली पाळी करून, कारखान्याच्या निळ्या शर्टातच. कपाळावर हेल्मेटचा वळ. त्यांनी मुलीचा त्रास सांगितला, तेव्हा स्वराच्या आईही होत्या. त्या म्हणाल्या, "आमची स्वरा? शक्यच नाही. ती तर कॅप्टन आहे!"

मोठ्या मॅडमनी देवऱ्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग तुपासारख्या आवाजात सल्ला दिला. "मिस्टर देवरे, मुलीला त्रास होऊ नये असं वाटतं ना? मग घरी शुद्ध मराठी बोलत जा. तुम्ही, मिसेस, सगळ्यांनी. म्हणजे प्रश्नच मिटला!"

ऐकलंत? हसणारी पोरं वर्गात, हसणारे शिक्षक स्टाफरूममध्ये, आणि सुधारायचं कुणी? सिडकोतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसांनी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईने शिकवलेल्या भाषेत! मी बोलायला तोंड उघडलं, पण देवरे आधी बोलले.

"बरोबर शे..." म्हणाले आणि थांबले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आहे. बरोबर आहे, मॅडम."

जाताना ते पॅसेजमध्ये माझ्यापाशी थांबले. "मॅडम, पोरगी घरी बी बोलत नाही आता. तिच्या आईसंगं बी नाही. मुकी झाल्यासारखी बसून ऱ्हाते. हे वर्ष काढतो आन् तिला मामाकडे पाठवून देतो. तिकडं शाळा सातवीपर्यंतच आहे, पन काय करता? निदान बोलंल तरी."

सातवीपर्यंत. आणि पोरगी आठवीत. म्हणजे शाळा संपली, असंच ते सांगत होते. "थोडं थांबा," एवढंच मी म्हटलं. पण थांबून काय होणार, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

*

सहामाहीचं प्रगतिपुस्तक. तनुजाच्या नावापुढे गायधनी मॅडमनी शेरा लिहिला, 'वर्तनात लक्षणीय सुधारणा. शांत व आज्ञाधारक.'

मी म्हटलं, "मॅडम, ती शांत नाही झाली. ती बोलायची बंद झालीये!"

"तेच ते!" गायधनी मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला केवढी बडबड करायची, आठवतं ना?"

माझ्या तोंडी परीक्षेतही तीच गत. मी म्हटलं, "तनुजा, काहीही सांग. तुझ्या गावाबद्दल सांग. तुझ्या बोलीत सांग." ती खाली मान घालून बसली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मार्क कसले द्यायचे? आणि कुणाला? नापास करायचंच असेल तर मला त्या केबिनपासून सुरुवात करायची होती.

*

आणि मग फेब्रुवारीत मराठी भाषा दिन आला. पाहुणे मोठे येणार होते. मोठ्या मॅडमना एकाएकी सुचलं, या वेळी आपण बोलींचा जागर करू! पेठ-सुरगाण्याकडची बोली, वऱ्हाडी, मालवणी, आणि हो, अहिराणी! "आपल्याकडे ती मुलगी आहे ना? काय गोड भाषा बोलते!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वर्षभर ज्या शब्दासाठी पोरीला हाकलून हाकलून कोपऱ्यात नेलं, तोच शब्द आता नऊवारी नेसवून स्टेजवर हवा होता! मी तसं म्हणालेही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

तनुजाने अर्थातच नकार दिला. बोलून नाही, मानेनेच. मग अहिराणीचं निवेदन स्वराकडे गेलं. आवाज गोड, पाठांतर पक्कं. उच्चार कुणाकडून शिकायचे? मोठ्या मॅडमनी सांगितलं, "तनुजाकडून घे ना. तेवढीच मैत्री होईल."

रोज मधल्या सुट्टीत दोघी ग्रंथालयात बसायच्या. दाराच्या काचेतून दिसायच्या. पहिल्या दिवशी दोघी दोन टोकांना. मग एका बाकावर, तनुजा वहीत लिहून देतेय आणि स्वरा पुटपुटत वाचतेय. एकदा पाहिलं तर ती वही समोर उघडी, स्वरा टेबलावर डोकं ठेवून बसली होती आणि तनुजा खिडकीबाहेर बघत होती. मी आत गेले नाही. रंगीत तालमीत स्वराने म्हटलं, 'राम राम मंडळी, आमनी अहिरानी बोली साखरसारखी गोड शे.' मोठ्या मॅडमनी ते पास केलं.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल खचाखच. पुढच्या रांगेत पाहुणे, त्यांच्यासमोर द्राक्षांची करंडी. मागच्या रांगांत पालक, त्यांत सिडको-अंबडकडचे बरेच, आणि त्यांच्यात निळ्या शर्टात देवरे.

स्वरा नऊवारीत माइकपाशी आली. बिल्ला नव्हता.

"राम राम मंडळी. मनं नाव स्वरा शे."

टाळ्या! पोरं सवयीने ओरडली, "शे! शे!" बोरस्ते सर खुर्चीत हलून हलून हसले. मोठ्या मॅडम पाहुण्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होत्या.

"मना वर्गमा एक पोर शे. ती बोले तवय आम्ही सगळा हासूत."

हे तालमीत नव्हतं. मी उठून उभी राहिले.

"सर बी हासनात. मॅडम बी हासन्यात. आते ती बोलस नही. घर बी बोलस नही. माले कोन्ही काय म्हनं नही. माले बिल्ला दिधा."

मागच्या रांगा एकदम गप्प झाल्या. ज्यांना कळलं त्यांच्यापासून शांतता सुरू झाली आणि पुढे पुढे सरकत आली. पोरांचं "शे शे" मध्येच विझलं. गायधनी मॅडमचा पदर तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. बोरस्ते सर जमिनीकडे पाहू लागले.

मोठ्या मॅडमना मात्र शब्द कळलेच नाहीत, शांतता तेवढी जाणवली. त्यांना वाटलं, सादरीकरण रंगलं! त्या खुर्चीतून उठल्या, पाहुण्यांकडे बघून हसल्या आणि हात उंच करून टाळ्या वाजवत म्हणाल्या, "वन्स मोअर!"

स्वराने माइक स्टँडवरून काढला आणि विंगेकडे धरला. पडद्याच्या कडेला तनुजा उभी होती, शाळेच्या साध्या गणवेशात. ती चालत आली, माइक घेतला आणि हॉलच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"राम राम मंडळी," ती म्हणाली. "मनं नाव तनुजा शे."